न वाजवलेला गंधार

त्या पुस्तकाची सुरुवात गाण्यानं होते. सूर्य नाही, पृथ्वी नाही, काळसुद्धा अजून सुरू व्हायचा आहे, आणि गाणं मात्र चालू आहे. एरू नावाचा विधाता आपल्या मनातून आयनूर नावाचे देवगण निर्माण करतो, त्यांना एक सूत्र सांगतो आणि गायला लावतो. आधी जो तो एकेकटा गातो, फार तर दोघे-चौघे मिळून, आणि बाकीचे ऐकतात. ऐकता ऐकता दुसऱ्याचं गाणं कळायला लागतं, सूर जुळत जातात, आणि मग एकदा सगळेच्या सगळे मिळून गातात. जग घडतं ते त्या गाण्यातून.

इंग्रज लेखक टोल्किन यांच्या 'सिल्मारिलियन'चं हे पहिलं प्रकरण. टोल्किन १९७३ मध्ये गेले. त्यांच्या मुलानं, ख्रिस्तोफरनं, मागे राहिलेल्या कागदांचे ढीग लावून १९७७ मध्ये हे पुस्तक छापून आणलं. पण गाण्याची ही कथा त्यांनी पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतच पहिल्यांदा लिहिली होती. माझ्या हाती ती आली माझ्या मुलामुळे. तो शिकायला बाहेरगावी गेला, कपाट तसंच राहिलं, आणि एका रविवारी धूळ झटकताना पुस्तक हातात आलं. इंग्रजी जुन्या वळणाचं, बायबलसारखं. एकेक वाक्य मी दोनदा वाचत होते. थोडक्या पानांचं ते प्रकरण संपवायला मला आठवडा लागला. संपलं तेव्हा एवढंच पक्कं होतं, की याचं चित्र काढायचं.

ज्या जागेनं मला धरलं ती अशी. गाणं रंगात आलेलं असताना मेल्कोरला, म्हणजे त्या सगळ्यांत ज्याला सर्वांत जास्त मिळालेलं आहे त्याला, आपलं स्वतःचं काही त्यात घालावंसं वाटतं. तो वेगळाच सूर लावतो. शेजारच्यांचे सूर ढळतात. काही गप्प होतात, काही त्याच्याच मागे जातात. एरू दुसरं सूत्र देतो, मेल्कोर त्याच्यावरही चढतो. मग येतं तिसरं. ते हळू आहे, खोल आहे, त्यात न संपणारं दुःख आहे, आणि त्याचं सौंदर्य मुख्यतः त्या दुःखातूनच आलेलं आहे. मेल्कोरचं गाणं मात्र एकसुरी, मोठ्या आवाजाचं. पुष्कळ कर्ण्यांनी मिळून दोन-चारच स्वर फुंकत राहावं तसं. ते या हळू गाण्याला बुडवायला बघतं. आणि होतं काय, तर त्याचे सगळ्यांत विजयी, सगळ्यांत चढे स्वर हे हळू गाणं उचलून घेतं आणि आपल्या विणीत विणून टाकतं.

तिथं मी पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसले होते. खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याची मोटर चालू होती. ती कधी बंद झाली मला कळलं नाही.

मी दिवसा हिशेबाचं काम करते. चित्रं शनिवारी-रविवारी, पुण्यातल्या आमच्या घराच्या मागच्या बाल्कनीत, जिला आम्ही काचा लावून घेतल्या आहेत. तीन फूट बाय चार फुटांचा कॅनव्हास मी तिथं आडवा लावला आणि पहिल्यांदा जे केलं ते अगदी सरळ होतं: उजेडात उभे राहिलेले देवगण, मध्ये एक सिंहासन, डाव्या बाजूला काळा-तांबडा मेल्कोर. तीन आठवडे मी त्याच्यावर मनापासून काम केलं. झग्यांच्या चुण्या नीट आल्या होत्या, चेहरेही बरे उतरले होते. मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो थोडा वेळ बघत राहिला.

"आई, चित्र छान आहे. पण हा मेल्कोर नाही."

"मग कसा आहे तो?"

"ते नाही सांगता येणार. पण असा नाही."

मला वाईट वाटलं, पण त्याचं म्हणणं खरं होतं हेही त्याच क्षणी कळलं. वाचताना माझ्या मनात जे काही हललं होतं त्याला चेहरा नव्हता. तो मी नंतर चिकटवला होता. कुठून तरी बघितलेला, कॅलेंडरातला, सिनेमातला, कुणाचा तरी.

पुढे टोल्किन यांचाच एक निबंध वाचला, परीकथांविषयीचा. १९३९ साली स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेलं ते व्याख्यान, १९४७ मध्ये छापलं गेलं. त्यातल्या एका टिपेत ते म्हणतात, की चित्रं कितीही चांगली असली तरी अद्भुतकथेचं त्यांनी फारसं भलं होत नाही. गोष्टीत नुसतं म्हटलं, की तो टेकडी चढला आणि खाली दरीत त्याला नदी दिसली, तर ऐकणारा प्रत्येक जण आपापली टेकडी आणि आपापली नदी बघतो, आणि ती नदी त्यानं जन्मात बघितलेल्या सगळ्या नद्यांची मिळून झालेली असते. चित्रकार मात्र एकच नदी काढतो, त्याची स्वतःची. हे लिहिणारा माणूस स्वतः चित्रं काढत होता. 'हॉबिट'मधली चित्रं त्यांचीच आहेत. आणि त्याच्याही आधी, ऑक्सफर्डला शिकत असताना, विशीत, त्यांनी काही विलक्षण रेखाटनं केली होती, 'दुष्टपणा', 'मोठेपण' अशा नावांची. वस्तूचं चित्र नव्हे, एखाद्या 'पणा'चं चित्र. ती मी छापील पाहिली तेव्हा वाटलं, दार इथं आहे. मेल्कोर काढायचा नाही. मेल्कोरपणा काढता येतो का ते बघायचं.

आता मिरजेला जावं लागेल, कारण मला यातलं जे काही कळलं ते मावशीच्या तंबोऱ्यामुळे कळलं.

माझी मावशी मिरजेत गाणं शिकवायची. मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. पंढरपुराकडून भोपळे येतात, आणि सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या तंबोरे, सतारी घडतात. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायची. मला गाता येत नव्हतं, पण तंबोरा जुळवताना शेजारी बसायची परवानगी होती. मावशी तारा लावायची, मग घोडीवर तारेखाली सुती दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवायची. केसभर पुढे, केसभर मागे. तार मुकी असायची, आणि दोरा एका ठरावीक जागी आला की एकदम उघडायची. जणू तारेत प्रकाश शिरला. त्याला जवारी लागणं म्हणतात. मग ती म्हणायची, "आता डोळे मीट आणि सांग काय ऐकू येतं."

तंबोऱ्याला चार तारा. पंचम, दोन जोड, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारा, आणि खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. पंचम आणि षड्ज, बस. पण खर्जाची तार चांगली लागलेली असली तर तिच्यातून गंधार ऐकू येतो, वर, बारीक, स्पष्ट. तो कुणी वाजवलेला नसतो. तारेच्या कंपनातच तो असतो, पाचवा उपस्वर म्हणून. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. मी डोळे उघडून मावशीच्या बोटांकडे बघितलं, ती कुठली तार छेडते आहे ते शोधायला. तिनं मान हलवली. "बघू नकोस. ऐक."

टोल्किन यांची ती टेकडी आणि नदी म्हणजे हा गंधार आहे, असं मला वाटतं. लिहिणाऱ्यानं खर्ज लावायचा असतो. आणि माझं पहिलं चित्र का फसलं, तर मी गंधाराची वेगळी तार बांधायला गेले.

अमूर्त चित्राविषयी लोक नेहमी विचारतात, "यात काय दाखवलंय?" मला तो प्रश्न वाईट वाटत नाही. मीही तो विचारलेला आहे. मुंबईला वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन दालनात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोर उभी राहून मनातल्या मनात विचारला होता. गायतोंडे स्वतः 'अमूर्त' हा शब्द मानत नसत. ज्यात वस्तूच नाही असं चित्र, असं ते म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफनं एकावर एक थर द्यायचे, काढायचे, पुन्हा द्यायचे. वर्षाकाठी मोजकी पाच-सहा चित्रं. त्या चित्रासमोर मी दहा मिनिटं उभी होते आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला, सांगते ते अगदी खरं, मला तंबोरा जुळल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

अद्भुतकथा आणि असं चित्र यांचं नातं नवं नाही. रशियन चित्रकार कांडिन्स्की यांची सुरुवातीची चित्रं पाहावीत: रशियन परीकथांतले घोडेस्वार, घुमट, नदीकाठी थांबलेले प्रेमिक. १९०३ चा तो निळा स्वार हिरव्या उतारावरून दौडत जातो, आणि पुढच्या दहा वर्षांत तो स्वार, त्याचा भाला, त्याचा घोडा चित्राचित्रातून विरघळत जातात; शेवटी दौड तेवढी उरते. १९११ च्या जानेवारीत म्युनिकला त्यांनी संगीतकार शोनबर्ग यांचं संगीत ऐकलं आणि लगेच एक चित्र काढलं. बहुतेक सगळा कॅनव्हास पिवळा, आणि त्यात पियानोचं झाकण असावं तसा मोठा काळा तुकडा. एकदा संध्याकाळी ते घरी आले तर भिंतीशी एक अतिशय सुंदर, अनोळखी चित्र उभं होतं. जवळ गेले, तर ते त्यांचंच होतं, आडवं ठेवलेलं. त्यात काय दाखवलंय ते कळत नव्हतं म्हणून ते सुंदर दिसलं होतं. ही हकीकत त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवली आहे, आणि मी ती मुलाला फोनवर वाचून दाखवली होती.

तर दुसरा कॅनव्हास. जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात, मध्ये पॉलिश पेपर. तैलरंगच घ्यायचे ठरवलं, कारण ऍक्रिलिक चटकन वाळतं आणि मला वेळ हवा होता. पहिले चार रविवार मी फक्त खर्ज लावला: पांढरा, त्यात मातकट तपकिरी रॉ अंबर, त्यात किंचित निळा अल्ट्रामरीन, रोलरनं, एका दिशेनं. वाळला की दुसरा थर. प्रत्येक वेळी थोडं तेल वाढवत, कारण खालचा थर वरच्यापेक्षा जास्त तेलकट झाला तर पुढे तडे जातात. जून सरत आला होता, पाऊस लागला होता, बाल्कनीच्या काचांवर ओल धरायची. चौथ्या थरानंतर ती जागा मिळाली. पांढऱ्यातून खालचा अंबर दिसत नव्हता, पण आहे हे कळत होतं. दोरा केसभर सरकल्यावर होतं तसं.

मग मेल्कोर. कॅडमियम रेड, ट्यूबमधून सरळ, पॅलेट नाइफनं, डाव्या बाजूला, हातभर लांबीचा आडवा पट्टा. तो लावताना हात थरथरत होता. इतक्या मुश्किलीनं जुळवलेल्या जागेवर तो रंग घालणं जिवावर आलं होतं. लावल्यावर सगळं चित्र त्या पट्ट्याकडे ओढलं गेलं. आधीचे चार रविवार दिसेनासे झाले. म्हणजे झालं ते बरोबरच होतं, पुस्तकात तेच होतं.

आठ दिवसांनी मी पुन्हा रोलर घेतला. तिसरं सूत्र आणायचं होतं, फिका करडा, पट्ट्याच्या कडेकडेनं. अंबर भराभर वाळतो, त्यात मँगनीज असतं. कॅडमियम मुळातच सावकाश वाळतो, आणि तैलरंग वाळतात ते हवेतला ऑक्सिजन घेऊन, तेव्हा जाड थर वरून सुकलेला दिसला तरी आत ओलाच असतो. मला हे माहीत होतं. तरी कडेला रोलर टेकला, पट्ट्याची साय फाटली, आणि मी तो उचलायच्या आत उजवीकडे फिरवत गेले होते. मागे वळून बघते तो कॅनव्हासभर तांबडे शिक्के. रोलरच्या घेराइतक्या, साधारण साडेपाच इंचांच्या अंतरावर, एक, दोन, तीन, असे सात. पहिला भडक, दुसरा त्याहून कमी, सातवा नुसता गुलाबी श्वासासारखा.

पहिला विचार चिंधी आणि टर्पेंटाइन घ्यायचा आला. घेतलीही. पहिल्या शिक्क्याजवळ चिंधी नेली आणि थांबले. दोन-चारच स्वर, पुन्हा पुन्हा, कर्ण्यांनी फुंकल्यासारखे. ते माझ्यासमोर होते, आणि मी काढलेले नव्हते. आणि प्रत्येक फेऱ्याला ते त्या करड्यात थोडे थोडे मिसळत गेले होते. सातव्या शिक्क्यात तांबडा कुठला आणि करडा कुठला हे मला वेगळं करता येईना.

मावशी विवादी स्वर शिकवायची ती आठवली. रागात जो घ्यायचा नाही तो विवादी. पण जाणता गवई तो अशा जागी, अशा हलक्या हातानं घेतो, की राग बिघडत नाही, उलट उजळतो. बिहागाचं उदाहरण ती नेहमी द्यायची. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी बिहाग बिलावल थाटात, सगळे स्वर शुद्ध असणाऱ्या गटात, घातला, म्हणजे मध्यम शुद्ध. तीव्र मध्यम तिथं विवादी, पंचमाच्या आधारानं खाली उतरताना जाता जाता स्पर्श करायचा एवढाच. आणि आज? आज तीव्र मध्यमाशिवाय बिहाग कुणाला बिहाग वाटेल? जो स्वर परका होता तोच त्या रागाची ओळख झाला. पुसून टाकला असता तर आपल्याकडे आजचा बिहाग नसता.

मी चिंधी ठेवून दिली. चित्र भिंतीकडे तोंड करून तीन आठवडे उभं केलं, तांबडा खरोखर वाळेपर्यंत. पुढचे दोन महिने काम होतं ते त्या सात शिक्क्यांवर. जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये रंग इतका पातळ करायचा की ब्रशला लागलाय की नाही ते कळू नये, आणि तो एका शिक्क्यावरून दुसऱ्यावर न्यायचा. पहिल्या शिक्क्याला मी हात लावला नाही. त्याची धार राहायला हवी होती. तिसऱ्यापासून अंबर घातला. पाचव्यावर निळा, तर तो जांभळट झाला, आणि त्याच्याभोवतीचा पांढरा, जो महिनाभर नुसता पांढरा होता, एकदम गार वाटायला लागला. हिमासारखा. मला पुस्तकातली पुढची जागा आठवली. गाणं संपल्यावर एरू पाण्याच्या देवाला, उल्मोला, दाखवतो, की मेल्कोरनं कडक थंडी शोधून काढली तुझ्या झऱ्यांचा नाश करायला, आणि बघ, त्यातून हिम झालं, दंव झालं. त्यानं भयंकर आग लावली आणि तिच्यातून ढग आणि पाऊस झाले. उल्मो म्हणतो, पाणी इतकं सुंदर होईल असं मला वाटलं नव्हतं, हिमाचा कण माझ्या मनातही नव्हता. तो पाचवा शिक्का माझ्या मनात नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी मी ब्रश उचलला आणि कुठेच टेकवावासा वाटला नाही. म्हणून थांबले.

दिवाळीला मुलगा आला. मावशीलाही मिरजेहून आणलं होतं. तिचं आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. चित्र हॉलमध्ये भिंतीला टेकवलं होतं. मुलानं बूट काढायच्या आधीच त्याच्यासमोर उकिडवं बसून बघितलं. मला वाटलं तो तांबड्या पट्ट्याकडे बघतोय. त्यानं हात केला तो वर डाव्या कोपऱ्याकडे, जिथं मी काहीच केलेलं नाही, खर्जाचे चार थर तेवढे आहेत.

"मेल्कोर इथं आहे," तो म्हणाला. "गाण्याच्या आधी तो एकटा पोकळीत फिरायचा ना, ज्योत शोधत. इथं कुणी नाही त्याच्याजवळ."

मी त्या कोपऱ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. त्यानंतर मला तो तिथून हलवता आलेला नाही.

मावशी खुर्चीत बसून आमचं ऐकत होती. तिला टोल्किन माहीत नाहीत. तिनं चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि बराच वेळ डावीकडून उजवीकडे, एकेका शिक्क्यावर थांबत, बघत गेली.

"कृष्णाघाट आहे," ती म्हणाली. "एकोणीसच्या पुरानंतरचा. पाणी उतरलं तशा एकेक पायऱ्या वर आल्या. वरच्या धुऊन निघालेल्या, खालच्यांवर गाळ. बाई गं, तो तांबूस गाळ. सगळं घर वाहून गेलेली माणसं घाटावर बसून नुसती पायऱ्या मोजत होती."

आम्ही दोघं काही बोललो नाही. मावशीनंच मग मुलाकडे बघितलं.

"आणि हा मेल्कोर कोण म्हणालास?"

तो बूट न काढताच तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसला. "मावशीआजी, सुरुवातीपासून सांगतो. आधी काहीच नव्हतं. नुसतं गाणं होतं."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "पुढे?"